बिल्डरच्या कर्जाची फाइल शेवटाकडून वाचा: बडोद्यातल्या प्रोजेक्ट लोनचं कायदेशीर काम

बँकेच्या पॅनेलवर नाव लागलं की नव्या वकिलाला वाटतं, काम सोपं आहे. तीस वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध) काढायचा, 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल' असं लिहायचं आणि बिल पाठवायचं. एका फ्लॅटच्या होम लोनला हे कसंबसं निभावतं, पण बिल्डरच्या प्रोजेक्ट लोनला नाही. तिथे मालक कोण एवढं कळून भागत नाही. कर्ज थकलं तर ही जमीन आणि तिच्यावरची अर्धवट इमारत विकता येईल का? घेणाऱ्याला ताबा मिळेल का? आणि आलेल्या पैशावर बँकेच्या आधी कुणाचा हात पडेल?

म्हणून फाइल शेवटाकडून वाचावी. असं धरून चाला की हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला, खातं एनपीए झालं, थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस जाऊन मुदतही संपली. उद्या लिलाव आहे. हातातल्या कागदावर बोट ठेवून त्या दिवशी कोण काय हरकत घेईल? प्रत्येक कागदाला हे विचारत गेलं की कुठे थांबायचं आणि कुठे पान उलटायचं ते आपोआप कळतं.

पुढचं सगळं समजायला एक काल्पनिक फाइल घेऊ. बडोद्याजवळच्या भायलीत तीन सर्व्हे नंबर, त्यावर ८० फ्लॅट आणि खाली दुकानं. बिल्डर म्हणजे चार जणांची भागीदारी फर्म. दोन नंबर फर्मने विकत घेतलेत, तिसरा मूळ शेतकरी कुटुंबाच्या नावावरच आहे आणि त्यांच्याशी डेव्हलपमेंट करार झालाय. बँकेकडे १८ कोटी मागितलेत.

पैसा कुठे जाणार ते आधी विचारा

रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे की खासगी बिल्डरला जमीन विकत घेण्यासाठी बँकांनी कर्ज द्यायचं नाही, बांधकामासाठी द्यायचं. बिल्डरला हे ठाऊक असतं. म्हणून अर्जात 'बांधकाम' लिहिलेलं असतं आणि जमिनीची अर्धी रक्कम बाकी असते.

हे दस्तावेजातच सापडतं. विक्रीच्या दस्तावेजात मोबदल्याचा तक्ता असतो, चेक नंबर, तारीख, बँक, रक्कम. नवे वकील तिथे फक्त बेरीज जुळते का ते बघतात. तुम्ही तारखा बघा. दस्तावेज मार्चमध्ये नोंदला आणि शेवटचे दोन चेक जुलै आणि ऑक्टोबरचे असतील, तर ते वटले का हे फर्मच्या बँक स्टेटमेंटवरून ताडून घ्या. कारण संपत्ती हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(४)(ब) प्रमाणे, मालकी घेणाऱ्याकडे गेली असली तरी ज्याचे पैसे बाकी आहेत त्या विकणाऱ्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो. लिलावाच्या दिवशी हा माणूस न वटलेला चेक घेऊन उभा राहतो. चेक वटले नसतील तर पैसे पूर्ण मिळाल्याची विकणाऱ्याची लेखी, शक्यतो नोंदणीकृत कबुली आल्याशिवाय पहिला हप्ता सोडू नका, असं रिपोर्टात स्पष्ट लिहा.

जमिनीचे कागद

आजचा सातबारा आणि आठ-अ हातात घेऊन खूश होऊ नका. तो फक्त आजचं चित्र दाखवतो. खरी गोष्ट गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे हक्कपत्रकाच्या नोंदींत असते. एनीआरओआर या गुजरातच्या जमीन नोंदींच्या पोर्टलवर जुने हस्तलिखित सातबारे आणि सहा नंबरच्या नोंदी स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. सातबाऱ्यावर जेवढे नोंध (नोंदीचे) नंबर दिसतील तेवढे सगळे काढा, रद्द झालेले सुद्धा. रद्द नोंदीत बरेचदा भांडण दडलेलं असतं, आणि ते आरटीएस (महसुली नोंदींच्या) अपिलात प्रांताकडून कलेक्टरकडे, तिथून पुढे गेलेलं असतं. दिवाणी कोर्टाचा सर्च घेणारे महसुली सर्च विसरतात. बडोदा जिल्ह्यात जमिनीची निम्मी भांडणं महसुली दफ्तरातच चालतात असा माझा अंदाज आहे.

तिसऱ्या सर्व्हे नंबरची एक नोंद जवळून बघू, कारण अशी नोंद दर दुसऱ्या-तिसऱ्या फाइलमध्ये भेटते. मूळ खातेदार वारले, १९८७ मध्ये वारसाई झाली. वारस म्हणून पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली. दोनच महिन्यांनी दुसरी नोंद पडली, 'हक्क कमी'. दोन्ही बहिणींनी तलाठ्यापुढे जबाब दिला की आम्हाला हिस्सा नको, भावांच्या नावे राहू द्या. जमीन महसूल कायद्याच्या कलम १३५-ड ची नोटीस निघाली, कुणी हरकत घेतली नाही, नोंद प्रमाणित झाली. आज सातबाऱ्यावर फक्त भाऊ दिसतात, आणि बिल्डरने करारही फक्त भावांशी केलाय.

महसुली नोंदीने मालकी जातही नाही आणि येतही नाही. बाप मृत्युपत्राशिवाय वारला तर १७ जून १९५६ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस आहेच. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो, तलाठ्यापुढचा जबाब पुरत नाही. वडिलोपार्जित मिळकत असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाइतकीच सहदायाद (जन्मतः हिस्सेदार) आहे, आणि बाप त्या दिवशी हयात असायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. भाऊ इतकी वर्षं कसतायत म्हणून बहिणीचा हक्क बुडाला, असंही सहजासहजी म्हणता येत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने मानला जातो.

उपाय साधा आहे. दोन्ही बहिणींकडून, त्या हयात नसतील तर त्यांच्या वारसांकडून, नोंदणीकृत हक्कसोड दस्त घ्या. नाहीतर डेव्हलपमेंट करारात त्यांना कबुली देणारे पक्षकार म्हणून जोडा. बिल्डर म्हणेल, 'साहेब, त्या सुरतेला दिल्या आहेत, कधी काही बोलल्या नाहीत.' जमिनीचा भाव वाढला नव्हता तोवर बोलल्या नाहीत. वारसांत कुणी अज्ञान असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागेल का ते त्याच वेळी बघा. नाहीतर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहार रद्द करून मागू शकतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, पण एकही सोडायची नाही. सातबाऱ्यावर 'नवी शरत' (विक्रीवर बंधन असलेली जमीन) किंवा 'प्रतिबंधित सत्ताप्रकार' दिसलं तर जमीन कुळकायद्याच्या कलम ४३ मधली किंवा सरकारने दिलेली असू शकते. कलेक्टरची परवानगी आणि प्रीमियम भरल्याची पावती हवी, नुसता 'जुनी शरत केली' (बंधन काढलं) असा शेरा नको. साखळीत बिनशेतकऱ्याने शेतजमीन घेतली असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ चा भंग आहे. आदिवासी खातेदाराचं नाव कुठेही आलं तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ७३-अअ ची परवानगी शोधा. बडोद्याच्या हद्दीतल्या जमिनींना १९७६ चा शहरी कमाल जमीनधारणा कायदा लागू होता. गुजरातने तो ३० मार्च १९९९ ला रद्द केला, पण त्याआधी जी जादा जमीन सरकारने ताब्यात घेतली ती सरकारचीच राहिली. म्हणून या कायद्याखालचे जुने (यूएलसी) हुकूम मागा.

बिनखेती हुकूम तिन्ही नंबरांचा हवा, आणि तो रहिवासासाठी की वाणिज्यासाठी तेही बघा, आपल्या प्रकल्पात दुकानं आहेत. ही निव्वळ औपचारिकता समजू नका. कलम ३१(i) प्रमाणे सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. तीनपैकी एक नंबर शेतीचा राहिला तर बँकेचा हात नेमका तिथेच अडतो, आणि बिल्डिंगचा जिना बहुधा त्याच नंबरात असतो.

टीपी स्कीम (नगररचना योजना) असेल तर सातबाऱ्यावरच्या क्षेत्रफळावर कर्ज मंजूर होऊ देऊ नका. मूळ प्लॉटमधून रस्ते, बागा आणि इतर गोष्टींसाठी साधारण ४० टक्क्यांपर्यंत जमीन कापली जाते आणि हातात फायनल प्लॉट येतो. एफ फॉर्म (मूळ आणि फायनल प्लॉटचा तक्ता) आणि पार्ट प्लॅन (प्लॉटचा नकाशा) काढा, स्कीम मसुद्याच्या टप्प्यावर आहे की मंजूर झाली ते नोंदवा. फायनल प्लॉट कधी कधी मूळ जागेवर पडतच नाही. बँकेचा व्हॅल्युअर भलत्याच शेतात उभा राहून फोटो काढतो, तो असा.

जुन्या शहरातली मिळकत असेल तर

बिल्डर बरेचदा जादा तारण म्हणून दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडीतला घरचा वाडा देतो. आपल्या मराठी कुटुंबांचे असे वाडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पेटीत गायकवाडीतले मोडीतले कागद निघतात. ते वाचून घ्या, लिप्यंतर फाइलला लावा. पण बँकेला सिटी सर्व्हेचं मिळकत पत्रक आणि १ मे १९४९ ला संस्थान विलीन झाल्यानंतरची नोंदणीकृत साखळीच लागते. वाड्याचं वाटप बहुतेक घरांत तोंडी झालेलं असतं. कोणत्या भावाचा कोणता चौक ते सगळ्यांना माहीत असतं, कागदावर मात्र कुठेच नसतं. असं तारण घेऊ नका असाच माझा सल्ला असतो. ते कागदावर तारण दिसतं, पण विकायला गेलं की वाटपाचा दावा होतो.

शिवाय शहराच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा (अशांत भागांतल्या मिळकतींच्या हस्तांतराचा कायदा) लागू आहे. तिथे विक्रीला कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. अधिसूचना वेळोवेळी बदलत आल्यात, म्हणून साखळीतल्या प्रत्येक विक्रीच्या तारखेला तो भाग धाऱ्यात होता का, आणि असेल तर परवानगी घेतली होती का, हे कलेक्टर कचेरीतून तपासा. परवानगीशिवायच्या हस्तांतरावर पुढची सगळी साखळी लटकते.

सही कुणाची

आता फर्मकडे या. भागीदारी कायद्याचं कलम १९(२)(ग) सांगतं की फर्मची स्थावर मिळकत हस्तांतरित करायचा अधिकार एकट्या भागीदाराला आपोआप नसतो. म्हणून चौघांच्या सह्या घ्या, किंवा चौघांनी मिळून दिलेलं, गहाणाचा स्पष्ट उल्लेख असलेलं कुलमुखत्यारपत्र घ्या. भागीदारीपत्राच्या सगळ्या आवृत्त्या मागा. बाहेर पडलेला भागीदार जमीन खरेदीच्या वेळी आत होता का ते बघा. जमीन एखाद्या भागीदाराच्या वैयक्तिक नावावर असेल तर ती फर्मची की त्याची, हे खरेदीचे पैसे कुठून गेले त्यावरून ठरवावं लागतं. अशा वेळी दोघांनाही गहाण ठेवणारे म्हणून उभं करणं सर्वांत बरं.

डेव्हलपमेंट करारावरच्या तिसऱ्या नंबरात बिल्डरकडे मालकी नाहीच, बांधायचा हक्क आहे. तिथे शेतकरी कुटुंबानेच येऊन कागद जमा करायला हवेत. बिल्डर म्हणतो, 'माझ्याकडे त्यांचं पॉवर आहे.' त्यात गहाण ठेवायचा अधिकार शब्दांनी लिहिलेला आहे का? देणाऱ्यांपैकी कुणी वारलंय का? आणि मुख्य म्हणजे, मोबदला म्हणून कुटुंबाला जे फ्लॅट मिळणार आहेत ते बँकेच्या तारणात आहेत की बाहेर, हे लिहिलं नसेल तर उद्या हेच कुटुंब सर्वांत आधी कोर्टात जाईल. त्यांचं चुकतही नाही. जमीन त्यांची, कर्ज बिल्डरचं.

गहाण कसं निर्माण होतं

बहुतेक प्रोजेक्ट लोनला संपत्ती हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८(फ) चं गहाण घेतात. मूळ मालकीचे कागद बँकेत जमा केले, कर्जाचं तारण म्हणून जमा करतोय असा हेतू सांगितला, की गहाण झालं. त्यासाठी वेगळं गहाणखत नोंदवावं लागत नाही. पण एक बारकी गोष्ट इथे चुकते. कागद जमा झाल्यावर बँक जे टिपण लिहिते, त्यात 'अमुक भागीदार काल, अमुक तारखेला शाखेत आले आणि त्यांनी खालील मूळ दस्तावेज तारण म्हणून जमा केले' असं लिहायचं असतं. झालेल्या गोष्टीची ती नोंद असते. त्याऐवजी 'या लेखाने आम्ही गहाण ठेवीत आहोत' असं लिहिलं तर तो कागदच गहाणाचा करार बनतो, आणि मग त्याची नोंदणी हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या रचपाल महाराज खटल्यापासून हाच भेद धरलाय. म्हणून टिपण दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं ठेवा, त्यावर कर्जदाराची सही घेऊ नका. कर्जदाराकडून नंतर स्वतंत्र पुष्टीपत्र येऊ दे. गुजरात स्टॅम्प अधिनियमाप्रमाणे ड्यूटी मात्र पुरती भरा. कमी स्टॅम्पचा कागद ऐन वेळी पुराव्यात घेतला जात नाही.

जमा होणारे कागद खरोखर मूळ आहेत का, हे स्वतः बघा. ते काम शाखेतल्या अधिकाऱ्यावर सोडू नका. रंगीत झेरॉक्स आता इतक्या चांगल्या निघतात की फ्रँकिंगचा लाल रंगही हुबेहूब येतो. सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित नक्कल काढा आणि मूळ दस्तावेजाशेजारी ठेवून एकेक पान लावा. दस्त क्रमांक, पानांचे आकडे, शिक्क्याची जागा, अंगठे. खऱ्या कागदावर शिक्क्याचा दाब पाठीमागून बोटाला लागतो. खरेदीनंतर जमिनीचे तुकडे पडले असतील तर मूळ दस्तावेज दुसऱ्या तुकड्याच्या मालकाकडे असेल. तसं असेल तर ते रिपोर्टात लिहा, आणि त्याच्याकडून मूळ दाखवायची लेखी हमी घ्या.

रांगेत पहिला नंबर

गहाण झालं तरी ते जगाला दिसायला हवं. सर्साईवर, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत, नोंद करा. २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या सरफेसी कायद्याच्या कलम २६-ड प्रमाणे, ही नोंद नसेल तर बँकेला सरफेसीची कारवाईच करता येत नाही. नोंद असेल तर कलम २६-ई प्रमाणे बँकेचं देणं सरकारी आणि पालिकेच्या करांच्याही आधी येतं. दिवाळखोरी संहितेत प्रकरण गेलं तर मात्र तिथले नियम वेगळे. कर्जदार कंपनी असती तर कंपनी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे ३० दिवसांत आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) चार्ज नोंदवावा लागला असता. आपली फर्म आहे, त्यामुळे सर्साई आणि सातबाऱ्यावरचा बोजा, यांवरच सगळी भिस्त. ई-धरा (महसुली नोंदींच्या) केंद्रात बोज्याची नोंद टाकून प्रमाणित झालेली प्रत आणा.

कर्ज देण्याआधीही सर्साईवर शोध घ्यायचा असतो, आणि तो एकाच नावाने घेऊन पुरत नाही. तीच जमीन जुना सर्व्हे नंबर, ब्लॉक नंबर, टीपीनंतरचा फायनल प्लॉट नंबर, अशा तीन नावांनी फिरते. तिन्हींनी शोधा. दुसऱ्या बँकेने फायनल प्लॉटवर नोंद केली असेल आणि तुम्ही सर्व्हे नंबर टाकलात, तर 'काही सापडलं नाही' एवढंच उत्तर येईल.

रेरा, फ्लॅटधारक आणि एनओसी

५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की रेराची (स्थावर मिळकत प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याची) नोंदणी लागते. आपला प्रकल्प त्यात आहेच. फ्लॅटधारकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि ते फक्त बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठीच काढता येतात, तेही सीए, इंजिनियर आणि आर्किटेक्टच्या दाखल्यावर. कर्जकरारात 'सर्व वसुली आधी बँकेच्या हप्त्यात' असं कलम आलं तर ते या ७० टक्क्यांशी भिडतं. ते कलम उरलेल्या पैशापुरतं ठेवा.

रेराचं कलम ११(४)(ह) वकिलाने पाठ करावं. एखाद्या फ्लॅटचा विक्री करार झाल्यावर बिल्डरने त्यावर गहाण निर्माण करायचं नाही, आणि केलंच तर घेणाऱ्याच्या हक्काला त्याने बाधा येत नाही. म्हणून गहाणाच्या दिवशी कोणते फ्लॅट आधीच बाना-खताने (विक्री कराराने) विकले गेलेत त्याची यादी सहीनिशी घ्या आणि गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवरच्या तिमाही माहितीशी ताडून पाहा. ते फ्लॅट तारणात मोजू नका.

फ्लॅट घेणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. जमीन कुणाकडे गहाण आहे हे बिल्डरने जाहिरातीत आणि माहितीपत्रकात सांगायचं असतं, आणि बँकांनी कर्ज देताना तशी अट घालायची असते. बाना-खताआधी त्या बँकेची एनओसी मागा. एनओसी हाती आली की शेवटची ओळ वाचा. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की फ्लॅट नंबर अमुकची पूर्ण रक्कम अमुक खात्यात जमा झाली तरच ही एनओसी लागू. म्हणजे बिल्डरच्या दुसऱ्या खात्यात किंवा रोख दिलेल्या पैशाला बँक ओळखत नाही. रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेताच येत नाही, तेव्हा 'आधी ३० टक्के द्या, मग बाना-खत' असं ऐकलं तर उठून या.

रिपोर्ट लिहिताना

टायटल रिपोर्टच्या शेवटी 'सब्जेक्ट टू' म्हणून पंचवीस अटी लिहायची आपल्याकडे पद्धत पडलीय. त्यात वकिलाचा बचाव होतो, बँकेला मात्र काहीच कळत नाही. तीन भाग करा. पहिल्या हप्त्याआधी झालंच पाहिजे ते: बहिणींचा हक्कसोड, चेकची खातरजमा, तिसऱ्या नंबराची बिनखेती. प्लिंथपर्यंत (जोतं होईपर्यंत) चालेल ते: एखादी बोज्याची नोंद, जुन्या नकला. आणि धोका आहे, पण बँकेने समजून उमजून घ्यावा असं वाटतं ते, कारणासहित. तुमचं मत काय आहे तेही एका वाक्यात लिहा.

कर्ज फिटल्यावर

बँकेने सर्साईवरची नोंद उतरवायची, ई-धरात बोजा कमी करायचा आणि मूळ कागद परत द्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने ३० दिवसांत कागद परत न दिल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरवली आहे आणि ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पण ते व्यक्तींच्या वैयक्तिक कर्जांसाठी आहे, होम लोन त्यात येतं, बिल्डरचं प्रोजेक्ट लोन नाही. म्हणून बिल्डरच्या वकिलाने हीच मुदत कर्जकरारातच लिहून घ्यावी. परत आलेले मूळ कागद बिल्डरच्या कपाटात मुक्कामाला राहू देऊ नका. बीयू (इमारत वापराची) परवानगी मिळाल्यावर रेराच्या कलम १७ प्रमाणे सामाईक जागांचं हस्तांतर आणि कागद फ्लॅटधारकांच्या मंडळाकडे जायला हवेत. मंडळाच्या सेक्रेटरीने ते घेताना प्रत्येक दस्तावेजाची पानं मोजून पोचपावतीवर लिहावीत.